बाज वाहणारे चौघे

लातूरला आगगाडी आली ती १९११ साली. बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरून रांगत चालणारी ही गाडी पुढे १९२७ साली पंढरपुरावरून थेट मिरजेला जाऊन भिडली. नांदेडचा लोहमार्ग त्याच्या आधीचा. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड, धर्माबाद असा गोदावरीच्या खोऱ्यातून निजामाबादेकडे आणि हैदराबादेकडे जाणारा तो मीटर गेजचा रस्ता विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. या दोन मार्गांविषयी बोलताना आपण कापसाच्या गाठी आठवतो, पंढरीचे वारकरी आठवतो. पण या गाड्यांतून आणखी एक जोडी जात असे. डब्याच्या कोपऱ्यात घोंगडीवर निजलेला एक आजारी, आणि त्याच्या उशाशी गाठोडे घेऊन बसलेले घरचे एक माणूस. बहुतेक वेळा ती बाई असे. गाठोड्यात तवा, पातेले, जोंधळ्याचे पीठ, मीठ-मिरची. लातूरची गाडी मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांच्या इस्पितळापाशी पोचे. नांदेडची गाडी निजामाबाद ओलांडून डिचपल्लीला पोचे आणि तिथे महारोग्यांचे इस्पितळ होते. दोन्ही ठिकाणे ख्रिस्ती मिशनांची.

मिशनांचा इतिहास आपल्याकडे दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक भक्ताचा. त्यात डॉक्टर देवदूत असतो. दुसरा टीकाकाराचा. त्यात औषधाची बाटली हे धर्मांतराचे आमिष असते. दोन्ही तऱ्हांत डॉक्टर असतो, रोगी असतो. गाठोडे घेऊन आलेले ते तिसरे माणूस कोणत्याच कहाणीत नसते. डॉक्टर रोग्याजवळ दिवसातून दहा मिनिटे थांबे. ही बाई तिथे महिनोन् महिने असे, आणि घरी परतल्यावर वर्षानुवर्षे. ख्रिस्ती धर्माने या माणसाला काय दिले, आणि काय द्यायचे राहून गेले, एवढाच प्रश्न मला येथे विचारायचा आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एक गोष्ट आहे. कफर्णहूम गावात येशू एका घरात बोलत बसलेला असतो. दारापाशी उभे राहायलाही जागा नसते. चार माणसे एका पक्षाघाती मनुष्याला बाजेवर घालून आणतात, आत शिरता येत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. मराठी बायबलात येथे ‘बाज’ हाच शब्द आहे, आणि मराठवाड्याच्या वाचकाला तो परका वाटत नाही. आपल्याकडे सडका नव्हत्या तोवर आजारी माणूस तालुक्याच्या गावी बाजेवरूनच जात असे. या गोष्टीतली एक बारीक खूण मात्र सहज निसटते. येशूने विश्वास पाहिला तो त्या आजाऱ्याचा नव्हे. ‘त्यांचा’ पाहिला, असे मार्क अनेकवचनात लिहितो. आजारी माणूस तर तोपर्यंत एक शब्दही बोललेला नाही. विश्वास ज्यात दिसला ती वस्तू म्हणजे चौघांचे खांदे आणि उसकटलेले छप्पर. प्रवचनकार बहुधा पापक्षमेकडे वळतात आणि चौघांना छपरावर तसेच सोडून देतात.

आता डिचपल्ली. इझाबेल कर ही स्कॉटलंडची डॉक्टर आणि तिचे पती जॉर्ज कर हे वेस्लियन मेथॉडिस्ट मिशनतर्फे १९०७ साली निजामाच्या राज्यात आले. निजामाबादेत १९११ च्या सुमारास त्यांनी महारोग्यांसाठी काम सुरू केले आणि १९१५ साली डिचपल्लीला इस्पितळ उभे राहिले. त्यासाठी मोठी देणगी दिली ती राजा नरसा गौड या तिथल्याच हिंदू गृहस्थाने. मिशनच्या भक्तांनी आणि टीकाकारांनीही ही नोंद जरा ठळक करायला हरकत नाही. महारोग्यांसाठी त्यापूर्वी जे आश्रम होते ते बहुतांशी माणसाला मरेपर्यंत ठेवून घेण्याचे होते. तिथे पोचवायला आलेला नातेवाईक वेशीवरून परत फिरे आणि घरी जाऊन आंघोळ करी, म्हणजे संपले. डिचपल्लीचा आग्रह उपचारावर होता. कडू कवठाच्या जातीच्या झाडाचे तेल टोचण्याची पद्धत कलकत्त्याच्या अर्नेस्ट म्यूर यांनी सुधारली होती, आणि करबाईंनी ती आपल्याकडे नेटाने चालवली. टोचणे दुखे, ते महिनोन् महिने चाले, आणि रोग फार पुढे गेला असेल तर उपयोग होत नसे. पण ज्यांचा रोग लवकर सापडला त्यांपैकी काहीजण घरी परतू लागले. १९३२ साली करबाई वारल्या.

‘घरी परतू लागले’ हे दोन-तीन शब्द लिहायला सोपे आहेत. परतलेल्याला कोणी घेतले? कोणाच्या ताटाशेजारी त्याचे ताट मांडले गेले? इस्पितळाच्या अहवालात याचे उत्तर मिळणार नाही, कारण ते उत्तर बिलोली-देगलूरच्या एखाद्या घराच्या पडवीत देण्यात आले, किंवा नाकारण्यात आले.

आणि परतल्यावर खरे काम सुरू होई. हे काम काय आहे ते जगाला नीट कळले तेच मुळी पुढे १९४० नंतरच्या काळात, वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात. मिशनरी आईबापांच्या पोटी तमिळ डोंगरात जन्मलेले पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली तिथे आले. महारोगात बोटे ‘सडून गळतात’ असा तोवर सर्वांचा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने गळत नाहीत. संवेदना गेल्यामुळे माणूस चुलीवरचे भांडे तसेच धरतो, चपलेतला खिळा घेऊन दिवसभर चालतो, आणि जखमेवर जखम होऊन बोट झिजते. काही रोग्यांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पहारा केल्यावर कळले की ती उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला पत्ता लागत नव्हता. मग घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली. ही गोष्ट ऐकताना हसू येते, आणि लगेच हसल्याची लाज वाटते. पण तिचा अर्थ मोठा आहे. १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि रोगजंतू मरू लागले, तरी मेलेली संवेदना परत येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी पाय धुऊन, तळवा दिव्याजवळ धरून, भेग किंवा फोड आहे का ते पाहायला कोणीतरी लागते. महारोगाच्या उपचारातला हा भाग आयुष्यभराचा आहे आणि तो बहुशः घरच्या माणसाच्या हातात आहे. वल्हांडणाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून काही चर्चमध्ये वर्षातून एकदा पाय धुण्याचा विधी होतो. या बायकांनी तो रोज केला. त्याला विधी म्हणण्याची कल्पना त्यांना कोणी दिली असेल असे वाटत नाही.

कायद्याचे वागणे याहून विचित्र. ख्रिस्ती लग्नात आजारात आणि आरोग्यात सोडणार नाही असे वचन दोघेही देतात. १८६९ चा ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा कडक होता, बायकांवर तर विशेष अन्याय करणारा होता. पण महारोग हे घटस्फोटाचे कारण त्यात नव्हते. २००१ साली तो सुधारला, आणि सुधारणेच्या भरात महारोग हे कारण त्यात नव्याने घातले गेले. म्हणजे औषधाने रोग बरा होऊ लागून वीस वर्षे झाल्यावर! २०१९ साली संसदेने हे कारण ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम अशा सगळ्या विवाहकायद्यांतून एकदम काढून टाकले. मधल्या अठरा वर्षांत ज्या बायका नवऱ्याचे पाय धूत होत्या त्यांनी कायद्याची ही उलटापालट बहुधा ऐकलीही नसेल.

मिरजेची कथा निराळी आहे आणि थोडी उजेडाचीही. विल्यम वॉन्लेस हे कॅनडाचे डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली इकडे आले. १८९४ साली मिरजेचे इस्पितळ सुरू झाले. शस्त्रक्रियेत त्यांचा लौकिक एवढा की निजामी मुलखातूनही माणसे लोटत. रोग्याबरोबर एक माणूस हवेच, आणि त्या माणसाने चूल पेटवायचीच, ही आपल्या इस्पितळांची जुनी चाल. त्यात सोवळ्याओवळ्याचा भाग होता, गरिबीचा होता, आणि परक्या मुलखात आपल्या हातची भाकरी रोग्याला मिळावी हा जीवही होता. पश्चिमेकडच्या इस्पितळात नातेवाइकाने ठरल्या वेळी यावे, फुले द्यावीत आणि जावे. इथे आवारातल्या झाडाखाली तीन दगडांच्या चुलींची वस्तीच वसे. साहेब डॉक्टरांना याचा वैताग येत नसेल असे नव्हे. सकाळी औषधे वाटण्यापूर्वी प्रार्थना आणि उपदेश होई, आणि तो ऐकून घेणे भाग पडे, ही तक्रारही खोटी नाही. ज्याचे मूल तापाने फणफणते आहे त्याला उपदेशासाठी थांबवणे मला तरी ख्रिस्ताला न शोभणारे वाटते. पण त्या चुलींपाशी आणखी काही घडे. औशाची बाई सांगोल्याच्या बाईला मीठ देई. एक नदीवर गेली की दुसरी तिच्या रोग्यापाशी बसे. बाजेच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागे. उपदेशकाने सांगितले नाही ते चुलीने शिकवले.

या गाडीच्या वाटेत पंढरपूर आहे हेही विसरून चालणार नाही. आईबापांचे पाय चेपताना दारात आलेल्या देवाला पुंडलिकाने विटेवर उभे केले, ही कथा मराठवाड्यातला ख्रिस्ती माणूस बाप्तिस्म्याच्या वेळी विसरून येत नाही. त्याला ती विसरायला लावण्याचे कारणही नाही. परमेश्वराला वाहिले असे म्हणून आईबापांचा वाटा अडकवून ठेवणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात झोडपले आहे. आणि वधस्तंभावर असताना त्याने आपल्या आईची सोय योहानाच्या घरी लावली. फरक असलाच तर एका जागी आहे. पुंडलिक एकटा आहे. येशूने मरताना आपल्या आईचा भार दुसऱ्या एका घरावर सोपवला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

हा कमीपणा वाटणे हीच उशाशी बसणाऱ्या माणसाची खरी अडचण असते. त्याचे मराठीतले सर्वांत विदारक वर्णन पंडिता रमाबाईंनी केले आहे असे मला वाटते, आणि ते निजामी मुलखातलेच आहे. १८७० नंतरच्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आंधळे वडील अनंतशास्त्री डोंगरे वाटेतच गेले. मग आई लक्ष्मीबाई, भाऊ श्रीनिवास, बहीण आणि रमाबाई रायचूरकडे आले. आई खंगली होती. तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. शास्त्र्याच्या घरातल्या, पुराणे मुखोद्गत असलेल्या त्या मुलीला शेजारच्या बाईपाशी तो तुकडा मागताना शब्द फुटेना. बाईने माया करून भाकरी दिली. पण आईला ती खाववली नाही. ती गेली तेव्हा प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण दयेने पुढे आले. तिसरा भाऊ. चौथी रमाबाई. त्या उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि तीनेक मैल चालल्या.

त्या वेळी रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा पुढे १८८३ साली इंग्लंडात झाला. पण केडगावच्या मुक्तिसदनाकडे या प्रसंगातून पाहिले तर त्या संस्थेची रचना निराळी दिसू लागते. तिथे आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन होते, म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीतिसदन होते. दुष्काळात आलेल्या मुली एकमेकींना सांभाळत होत्या. रमाबाईंना पुढे ऐकू येईनासे झाले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा संस्थेची आणि आईची दोन्ही धुरा वाहत होती. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत होती आणि निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला मुलींची शाळाही काढत होती. १९२१ च्या जुलैत, चाळिशीतच, मनोरमा वारली. नऊ महिन्यांनी, १९२२ च्या एप्रिलमध्ये, रमाबाई. वाहणारा आधी पडू शकतो, ही गोष्ट चरित्रकार एका वाक्यात लिहून पुढे जातात. ज्यांच्या घरात कोणी वर्षानुवर्षे अंथरुणावर आहे त्यांना त्या वाक्यापाशी थांबावे लागते.

नांदेड-लातूरकडची ख्रिस्ती मंडळी संख्येने थोडी. उदगीर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि बिदरला अमेरिकन मेथॉडिस्टांचे काम होते. पूर्वेकडे डिचपल्ली-मेदकची वेस्लियन मंडळी. या लोकांपैकी बरेचजण गावकुसाबाहेरचे, भूमिहीन. अशा घरात आजाऱ्यापाशी बसणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे. त्यांना शुश्रूषेचा उपदेश करताना प्रवचनकाराच्या हाताशी एक हमखास उदाहरण असते, ते रूथचे. सासूला न सोडणारी सून! आपल्याकडच्या सुनेला हे उदाहरण किती वेळा ऐकवले गेले असेल याची गणती नाही. पण रूथचे पुस्तक उघडून वाचावे. नामी तिला राहा म्हणत नाही. माघारी जा, असे पुन्हा पुन्हा सांगते. राहणे हा रूथचा स्वतःचा निर्णय आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की रूथ सासूला काय खाऊ घालते? बवाजाच्या शेतात जाऊन ती सरवा वेचते. कापणीनंतर पडलेली कणसे मालकाने उचलू नयेत, शेताचा कोपरा कापू नये, तो परक्या-अनाथांसाठी सोडावा, असा मोशेचा कायदा होता. आपल्या जोंधळ्याच्या रानात सरवा काय असतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गोष्टीतला व्यवहार तत्काळ कळेल. रूथची निष्ठा खरीच; पण शेताचा कोपरा कोणी सोडलाच नसता तर त्या निष्ठेने नामीचे पोट भरले नसते. व्यासपीठावरून निष्ठा सांगितली गेली आणि सरवा सांगायचा राहिला. मिशनकडून द्यायचे राहून गेले ते मला येथे दिसते.

बायबलात मात्र ते आहे. एलीया थकून रानात एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तेव्हा त्याला बोध करत नाही, विश्वास कमी पडला असेही म्हणत नाही. भाकरी आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. देवाचे बोलणे त्यानंतर चाळीस दिवसांनी. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात एकमेकांचे ओझे वाहा असे म्हटले आहे, आणि तीनच ओळींनंतर प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असेही म्हटले आहे. हा विरोधाभास वाटतो. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला चेपून टाकणाऱ्या वजनासाठी, दुसरा वाटसरूच्या पाठीवरच्या बोचक्यासाठी. गाठोडे ज्याचे त्याने घ्यावे. बाज मात्र एकट्याने उचलायची नाही.

वैद्यकाला हे कळायला बराच वेळ लागला. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. वेलोरला फ्लॉरेन्स निकोल्स या कॅनडाच्या डॉक्टरबाईंनी १९५७ साली मानसिक आरोग्य केंद्र काढले, तिथेही घरचे माणूस रोग्याबरोबर राही आणि सांभाळावे कसे ते शिकून जाई. मिरजेच्या झाडाखालची चूल आता उपचाराचा भाग झाली. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली असाध्य रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे निवासस्थान उघडले. आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या या श्रद्धाळू बाईंनी रोगी आणि त्याचे घर यांचा विचार एकत्र केला. मुंबईत वांद्र्याला डॉ. लुई डिसोझा यांनी १९८६ साली शांती अवेदना आश्रम स्थापन केला, तो भारतातला अशा तऱ्हेचा पहिला.

नांदेड आणि लातूर दोन्हीकडे आता वैद्यकीय महाविद्यालये आहेत. बार्शी लाइटचे रूळ उखडून तिथे मोठी लाइन झाली. डिचपल्लीच्या वाटेने जाणारे कमी झाले. तरी दुखणी संपलेली नाहीत. ती लांबली आहेत. अर्धांगवायू, कर्करोग, म्हातारपणीची विस्मृती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. त्यानंतर ख्रिस्ती मंडळींच्या संस्थांसह कितीतरी संस्था धावून आल्या, गावेच्या गावे नव्याने बांधली गेली, आणि बांधलेल्या घरांची मोजदाद झाली. ज्यांची कंबर ढिगाऱ्याखाली मोडली त्यांना कुशीवर वळवणाऱ्या हातांची मोजदाद कोण करणार? त्या हातांना रविवारी प्रार्थनेला जाता येत नाही. मंडळीत त्यांची गैरहजेरी लागते. मला वाटते, अशा घरी पाळकाने शास्त्रपाठ घेऊन जाण्याऐवजी दोन तास उशाशी बसायला एक माणूस पाठवावे, आणि त्या बाईला प्रार्थनेला जायचे की झोपायचे हे तिचे तिला ठरवू द्यावे.

कफर्णहूमच्या त्या घरातला मनुष्य बरा झाला, आपली बाज आपणच उचलून सगळ्यांदेखत निघून गेला. लोक थक्क झाले, त्यांनी देवाचा गौरव केला. वर छपरावर चौघे उभे होते, हातात रिकामे दोर. खाली घरमालकाच्या डोक्यावर आभाळ दिसत होते. छप्पर पुन्हा कोणी शाकारले हे मार्काने लिहिलेले नाही.